बदलीवाल्यांचे कान

गेल्या सोमवारपर्यंत ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, ज्या संस्थेत मी इतकी वर्षं काम करते तिथल्या कुणालाही नाही. सोमवारी ती सगळ्यांत आधी एका व्यक्तीला सांगितली. आज तुम्हाला सांगते आहे. एका पानात आटपेल असं वाटलं होतं — मी कामाची बाई आहे, लांबण लावायची सवय नाही. पण तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा भलतीकडेच गेले. तेव्हा थोडं इकडेतिकडे झालं तर चालवून घ्या. मुद्द्यावर येतेच.

आधी एवढं सांगून टाकते, म्हणजे तुम्ही अंधारात राहणार नाही. मेधा नावाची एक डॉक्टर आहे. तिनं भिवंडीतल्या लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागांवरच्या, कामगारांच्या कानांची तपासणी केली. तिचे आकडे आमच्या संस्थेनं आधी काढलेल्या आकड्यांशी जुळले नाहीत, म्हणून तिचे चुकीचे ठरले. आणि आता ती लिहून देणार होती, की माझी तपासणी सदोष होती, मी ती मागे घेते. पत्र टाइप झालं होतं. सही तेवढी राहिली होती.

तिची तपासणी सदोष नव्हती. हे मला सुरुवातीपासून ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं? — तेच सांगायचंय.

मी भिवंडीजवळच्या काल्हेरची. म्हणजे सासर काल्हेर, माहेर खाडीच्या पलीकडचं. दोन्ही घरं आगरी. आमच्या भाताच्या खाचरांवर आता गोदामं उभी आहेत आणि दारातून दिवसभर ट्रक जातात. घरात मी नोकरी करावी अशी गरज कधीच नव्हती. मी केली, कारण मला आकडे आवडायचे. बी.कॉम. झालेली, हात चलाख, अक्षर चांगलं. भिवंडीत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी एक छोटी संस्था होती, तिथे लागले आणि तिथलीच झाले. माणसं बोलताना फिरतात, आकडे फिरत नाहीत — असं मी तेव्हा ज्याला त्याला ऐकवायचे. किती शहाणी होते, बघा.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ती वर्षं. आमच्या सरांच्या डोक्यात कानांची तपासणी आली. सर म्हणजे संस्थेचे प्रमुख, डॉक्टर, भला माणूस. निजामपुऱ्याच्या गल्लीतून कधी गेला असाल तर वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंनी लूम चालू असले की शेजारी चालणाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, ओठ बघावे लागतात. आत तर माणसं हातानंच बोलतात. बारा तासांची ड्युटी, वर्षानुवर्षं. मग कान किती जातात? दर वर्षी किती जातात? हे कुणी मोजलंच नव्हतं. सरांनी ठरवलं: आज मोजायचं, आणि वर्षानं तीच माणसं पुन्हा मोजायची. जो फरक येईल, तो एका वर्षाचा.

तीच माणसं. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

शुक्रवारी लूम बंद असतात, गल्ली शांत असते. म्हणून शुक्रवारी एका शाळेची खोली घेतली. कामगारानं कानाला हेडफोन लावायचा, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. शिट्टी किती मोठी केल्यावर ऐकू आली, तो आकडा फॉर्मवर वय-उंचीच्या खाली लिहायचा. आकडा मोठा म्हणजे कान अधू. साधं काम. मशिन एक मुलगी चालवायची. माझ्याकडे बाकी सगळं — यादी करणं, लूमच्या मेहताजीकडून, म्हणजे सेठच्या कारभाऱ्याकडून, माणसं बोलावून घेणं, आलेला माणूस यादीतला तोच आहे ना, हे बघणं आणि खाली सही करणं. ‘ओळख पटवली’ अशी ओळ फॉर्मच्या तळाशी छापलेली होती. ती ओळ घाला, असं सरांना मीच सुचवलं होतं. मला शिस्त आवडते.

पहिली फेरी दिवाळीनंतर झाली. अगदी नीट झाली. शंभरावर माणसं, एकूणएक फॉर्म पूर्ण.

दुसरी फेरी पुढच्या दिवाळीनंतर व्हायची. पण मशिन बिघडलं, दुरुस्तीला गेलं, तिथेच अडकून पडलं आणि आम्ही घसरत घसरत मे महिन्यात आलो. आता मे महिन्यात भिवंडीत काय होतं? मला विचारा. आमच्याकडे त्या महिन्यात लग्नांमागून लग्नं, आणि लूमवरची निम्मी माणसं आपापल्या मुलुखाला — उत्तर प्रदेशात, बिहारात. पण लूम बंद ठेवून चालत नाही. म्हणून जाणारा माणूस आपल्या जागी बदली देऊन जातो. भाऊ, पुतण्या, गाववाला. बदलीवाला त्याच्याच लूमवर उभा राहतो, त्याच्याच बिस्सीत — म्हणजे कामगारांच्या खानावळीत — त्याच्याच ताटावर जेवतो, आणि त्याच्याच नावाला ओ देतो. यात कुणी कुणाला फसवत नाही. ही तिथली रीतच आहे. लूम मूळ माणसाच्या नावावर राहिले, तर परत आल्यावर ते त्याला मिळतात. बदलीवाल्यानं स्वतःचं नाव सांगायला सुरुवात केली, तर सेठ म्हणेल, बरा आहेस की, तूच राहा. भावाची भाकरी कोण घालवेल?

हे मला माहीत नव्हतं का? भिवंडीत रोज वावरणारी बाई मी. मला पक्कं माहीत होतं. फक्त त्या शुक्रवारी आठवायचं नव्हतं.

यादीत रामसकल म्हणून एक होता. पहिल्या फेरीतला रामसकल मला आठवत होता — पन्नाशीला टेकलेला, कानशिलं पांढरी, प्रत्येक प्रश्नाला आधी ‘आँ?’ करणारा. मे महिन्यात मी ‘रामसकल’ म्हणून हाक मारली तर खुर्चीवर एक पंचविशीचा माणूस येऊन बसला. केस काळेभोर. मी म्हटलं, “रामसकल?” त्यानं दारात उभ्या असलेल्या मेहताजीकडे बघितलं आणि मान हलवली. मी फॉर्मवरचं वय बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. मागे वीसेक माणसं रांगेत होती, खोली दोन वाजता रिकामी करून द्यायची होती, उकाड्यानं जीव नकोसा झाला होता —

मी सही केली. ‘ओळख पटवली.’

त्यानंतर त्या दिवशी मी चेहरे बघितलेच नाहीत. नाव, मान, सही. नाव, मान, सही. पुढच्या शुक्रवारीही तसंच.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, झाली असेल चूक कामाच्या घाईत. हो. एवढीच असती तर मी आज कागद काळे करत बसले नसते.

आकडे कॉम्प्युटरवर चढवले, तेव्हा मजा झाली. कितीतरी जणांचे कान दीड वर्षात सुधारले होते. थोडेथोडके नाही, अधू कान चक्क तरुण झाले होते. सरांनी कागद बघितला आणि हसले. म्हणाले, “लूमवर गेलेले कान परत येत नसतात, ताई. चढवताना चूक झालीय. बघा जरा.” मी बघितलं. एकेक फॉर्म ताडून बघितला. चढवताना काहीच चूक नव्हती. मला शंका तेव्हाच आली होती, पण खात्री करायची म्हणून निजामपुऱ्यात मेहताजीकडे गेले आणि यादी त्याच्यासमोर धरली.

तो रामसकलच्या नावावर बोट ठेवून म्हणाला, “ये तो मुलुक में है मॅडम. बेटी की शादी. उसका चचेरा भाई आया था आपके पास.”

“मग त्यानं नाव रामसकल का सांगितलं?”

“तो क्या बताता? लूम किसके नाम पे है?” मग माझ्याकडे बघून हसला. “आपने कौन सा पूछा? आपने बोला रामसकल, उसने बोला हाँ. शादी का रिश्ता थोड़े ही था, जो खानदान बताता.”

मी त्याला सगळी यादी वाचायला लावली. जिथे बदली आला होता त्या प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक ‘ब’ काढला. सदतीस.

आता करायचं काय होतं? फार काही नाही. हे मी नंतर पुष्कळदा मोजलंय. जुलैपर्यंत सगळे मुलुखाहून परतणार होते. खऱ्या सदतीस जणांना बोलावून पुन्हा मोजायला चार शुक्रवार लागले असते. आणि सरांना एक वाक्य सांगावं लागलं असतं — मी न बघता सह्या केल्या. चार शुक्रवार आणि एक वाक्य. सर रागावले असते का? मला नाही वाटत. चहा मागवला असता आणि म्हणाले असते, चला, पुन्हा करू.

ते वाक्य मला म्हणता आलं नाही. बाईच्या कामात चूक निघत नाही, अशी माझी ख्याती होती. त्या ख्यातीवर मी घरातही ताठ असायचे, बाहेरही. बस्, एवढंच कारण. याहून मोठं काही शोधू नका, माझं शोधून झालंय.

मी काय केलं, ते आता सरळ सांगते. दुपारची वेळ होती, ऑफिसात कुणी नव्हतं. डबा खाल्ला, हात धुतले, कॉम्प्युटरपुढे बसले. त्या सदतीस जणांचे दुसऱ्या फेरीचे आकडे पुसले. त्या जागी पहिल्या फेरीचे आकडे घेऊन त्यांत पाच मिळवले. काहींत दहा. सगळ्यांत सारखेच मिळवले असते तर डोळ्यांवर आलं असतं, म्हणून तिघांचे होते तसेच ठेवले — खरं वाटावं म्हणून. मी ते नीट विचार करून केलं. तासाभराचं काम. फाइल त्याच नावानं सेव्ह केली, त्यामुळे जुनी गेली. संध्याकाळी सरांना म्हटलं, “सापडली चूक. दुरुस्त केली.” सर म्हणाले, “मला माहीत होतं तुम्हाला सापडणार.”

रिपोर्ट छान झाला. कान एका वर्षात चांगलेच बिघडतात, असं त्यात ठसठशीत आलं. पुण्या-मुंबईत सरांची भाषणं झाली. कामगारांना कानात घालायचे बोळे वाटले गेले. ते कुणी घातले नाहीत ती गोष्ट वेगळी, कारण लूमचा आवाज कानावर असल्याशिवाय धागा तुटलेला कळत नाही. कुणी म्हणेल, बाई, चांगल्या कामासाठीच झालं ना? नाही. चांगल्या कामासाठी केलं नव्हतं. माझ्या सह्या झाकायला केलं होतं.

आणि एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. मी त्यानंतर दुःखी झाले नाही. झोप लागत होती. मुलगी शिकली, घर वाढलं, संस्थाही वाढली. मी नव्या मुलींना शिकवायला लागले आणि फार कडक शिकवलं. मूळ कागदाला हात लावायचा नाही. कॉम्प्युटरवर चढवलेली पहिली फाइल तशीच ठेवायची, बदल करायचा तो दुसऱ्या फाइलीत, आणि काय बदललं, का बदललं, कुणी बदललं, हे वहीत लिहून खाली सही. एकच फॉर्म दोन मुलींनी वेगवेगळा चढवायचा आणि मग ताडायचा. माझ्या हाताखालच्या मुलींचं काम कुणीही, कधीही, पहिल्यापासून करून बघावं — तेच उत्तर यायला हवं. बाहेरच्या संस्था त्यांच्या मुली आमच्याकडे शिकायला पाठवू लागल्या. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. चोरी केलेल्या माणसाला कुलपं कळतात, तसं समजा.

मग मेधा आली.

तेव्हा तिशीची असेल-नसेल. सरांचा रिपोर्ट वाचून बाहेरून आली होती. तेच काम पुन्हा, मोठं करून बघायचं होतं तिला. आल्याबरोबर पहिला आठवडा तिनं काहीच मोजलं नाही. रोज दुपारी बिस्सीत जाऊन कामगारांबरोबर जेवायची. आम्ही ऑफिसात हसलो — डॉक्टरबाई डाळभात मोजायला आल्यात. तिथे बसून तिला आठ दिवसांत बदलीची रीत कळली. तिनं प्रत्येक फॉर्मवर फोटो चिकटवला, आणि बदलीवाल्यांसाठी वेगळा, पिवळा फॉर्म काढला. त्यांचीही तपासणी केली, पण त्यांच्या स्वतःच्या नावानं. सेठला कळणार नाही, असं वचन देऊन.

वर्षानं तिचे आकडे आले. एका वर्षात कान फारसे बिघडत नाहीत. बिघाड हळू, वर्षावर वर्ष साठत जाणारा. आणि पिवळ्या फॉर्मवरच्या लोकांचे, म्हणजे नव्यानं आलेल्यांचे कान अजून चांगले. तिचं म्हणणं असं, की जुन्यांचं आता फार करता येणार नाही. नवा माणूस लूमवर उभा राहतो त्या दिवसापासून सुरुवात करा, त्याचे कान वाचतील. त्यासाठी तिनं पुढच्या कामाचा आराखडाही केला होता.

कळलं ना? सदतीस बदलीवाले माझ्यासमोर खुर्चीवर येऊन बसले होते. चांगले कान घेऊन. तीच खरी बातमी होती, आणि मी ती डबा खाऊन झाल्यावर पुसून टाकली होती.

तिच्या आकड्यांवर ठाण्याला बैठक झाली. सर होते, दोन-तीन मोठी माणसं होती, मेधा होती, मी होते. सर तिला समजुतीनंच म्हणाले, “आमचं फील्डवर्क या ताईंचं आहे. त्यांच्या कामात चूक निघत नाही. तुमच्या मुलींनी घाई केली असेल.” मेधा चिडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, तुम्ही बदलीवाले कसे ओळखायचात?”

मी म्हटलं, “आमच्याकडे बदलीवाले आलेच नाहीत.”

“मूळ फॉर्म बघायला मिळतील का एकदा?”

“पुरात गेले.”

त्याच्या आदल्या पावसात भिवंडीत पाणी शिरलं होतं. खरोखरच कितीतरी ऑफिसांचे कागद भिजून गेले होते. कुणाला खोटं वाटणार? फॉर्म माझ्या घरी होते, काल्हेरला, माळ्यावर, कोरडे. ऑफिस हलवताना मीच आणून ठेवले होते. जाळले का नाहीत, विचाराल. मूळ कागदाला हात लावायचा नाही, असं मुलींना सांगत होते म्हणून असेल.

तिचा आराखडा बाजूला पडला. आणि इथे मला थांबावंसं वाटतं — कारण आतापर्यंतचं सगळं भित्रेपणात बसतं, पुढचं बसत नाही.

मेधा मला फोन करत राहिली. भांडायला नाही. शिकायला. “ताई, माझं कुठे चुकतंय सांगा ना. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय तपासलं असतं?” आणि मी सांगत गेले. मशिन तपासून घे म्हटलं, तिनं घेतलं. मशिन ठीक होतं. मुली बदलून बघ म्हटलं, तिनं बदलल्या. शेवटी सगळं सोडून एकटीनं, शुक्रवारचे शुक्रवार येऊन पुन्हा मोजलं. दोन वर्षं हे चाललं. प्रत्येक वेळी तोच आकडा, आणि प्रत्येक वेळी माझा नवा सल्ला. दिवाळीला मला फराळाचा डबा आणून द्यायची. माझी मुलगी म्हणायची, तुझी ती मेधा फार गोड आहे गं. मी म्हणायचे, हो. मला ती आवडायची. खोटं कसं बोलू? मला तिचा फोन आला की बरं वाटायचं.

यावर मी काही जोडत नाही. तुम्हीच बघा, याला काय म्हणायचं ते.

दोन आठवड्यांपूर्वीचा फोन वेगळा होता. आवाज मोकळा, जवळजवळ खूश. “ताई, सोडून दिलं. माझंच कुठेतरी चुकलं असणार, सापडत नाही एवढंच. तसं लिहून देते म्हणजे विषय मिटेल. कॉलेजात शिकवायला बोलावलंय, तिथे जाते. सोमवारी पत्र देते.” मग म्हणाली, “तुम्हाला फार त्रास दिला मी.”

मी म्हटलं, “सोमवारपर्यंत सही करू नकोस. मी येतेय.” एवढंच म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

शनिवारी माळ्यावरून पेटारा उतरवला. हॉलभर फॉर्म पसरले. पहिली फेरी डावीकडे, दुसरी उजवीकडे, जोड्या लावल्या, सदतीस वेगळे काढले. सासूबाई झोपाळ्यावरून बघत होत्या. “काय गो, या वयान परीक्षा हाय का तुजी?” म्हटलं, “हाय.” “पास होशील ना?” म्हटलं, “न्हाय.” त्या हसल्या आणि वाटाणे सोलत बसल्या. एका कागदावर मी सगळं लिहिलं — काय केलं, कधी केलं, कोणत्या फॉर्मचे आकडे बदलले, त्यांत किती मिळवले, मेधाला बैठकीत काय खोटं सांगितलं. खाली पूर्ण नाव, सही. सदतीस वगळून उत्तर काय येतं, ते मी मुद्दाम काढलं नाही. माझ्या हातचा आकडा तिच्यापुढे ठेवायचा हक्क मला उरला नव्हता.

सोमवारी तिच्या खोलीत गेले. टेबलावर ते पत्र होतं. मी कागद तिच्या हातात दिला आणि पिशव्या खाली ठेवल्या.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं रडेल, किंवा बाहेर जा म्हणेल. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, “कुठून सुरू करायचं?” मी जोड्या दाखवल्या. म्हटलं, ‘ब’ आहे ते सदतीस सोड, बाकीचे घे. ती म्हणाली, “सदतीस आहेत की नाही, ते मी बघते.” आणि पत्र उलटं करून त्याच्या कोऱ्या पाठीवर फॉर्म मोजायला घेतले. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.

सगळे फॉर्म तिनं स्वतः बघितले. माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही. वयं पडताळली, सह्या पडताळल्या, ‘ब’ नसलेल्या फॉर्मांतले दोन मला दाखवून म्हणाली, “हेही बदलीवाले दिसतात. उंची बघा, दीड वर्षात तीन इंच वाढली.” माझ्या नजरेतून तेही सुटलं होतं. एकोणचाळीस. मी समोर बसून राहिले. मदत करू का विचारलं, ती नको म्हणाली. चार तास गेले. आणि खरं सांगायचं तर ते चार तास मला फार बरे गेले. इतक्या वर्षांत कुणी माझं काम तपासलंच नव्हतं.

शेवटी आकडा आला. तंतोतंत तिचा नाही, पण अगदी त्याच्या शेजारचा. मी म्हटलं, “थोडा फरक राहिला.” ती म्हणाली, “तंतोतंत आला असता तर मलाच शंका आली असती.” हसली नाही. ताईही म्हणाली नाही. “हे सगळ्यांना कळवावं लागेल. तुमच्या नावानं.”

“हो.”

“सरांनाही.”

“आधी त्यांनाच.”

तिनं फॉर्म स्वतःच्या कपाटात ठेवले आणि मला पोच लिहून दिली — किती फॉर्म मिळाले, कोणत्या तारखेला, कोणाकडून. खाली तिची सही. मी ती वाचली, संख्या बरोबर होती.

सरांना मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. ते दारापर्यंत सोडायला आले नाहीत. मंगळवारी ऑफिसात मुलींना एकत्र बसवून तोच कागद वाचून दाखवला, आणि कपाटाच्या किल्ल्या त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या मुलीकडे दिल्या. मेधा कॉलेजात गेली नाही. येत्या शुक्रवारी ती निजामपुऱ्यात पुन्हा सुरुवात करते आहे, नव्या माणसांपासून. मला बोलावलेलं नाही.

मधल्या वर्षांत किती जण नव्यानं लूमवर उभे राहिले, ते मला माहीत नाही. ते कुणी मोजलेलं नाही.